गोल्डफिशच्या टाकीत खरी झाडं म्हणजे पैसे पाण्यात

डोंबिवलीचा_मासेवेडा
चार फुटी टाकी, दोन ओरँडा, एक रँचू (दोन्ही गोल्डफिशच्याच जाती). तीन महिन्यांत चौथ्यांदा झाडं लावली. आज सकाळी बघतो तर व्हॅलिस्नेरिया मुळासकट फिल्टरच्या तोंडाशी अडकलेली. कॅबोम्बा त्याआधीच दोन रात्रींत फस्त झाली होती. जुडी निवडल्यावर कोथिंबिरीच्या काड्या उरतात तशी देठं तेवढी शिल्लक. दुकानदार दर वेळी "चालतंय, लावा" म्हणतो, त्याचं काय जातं! माझं मत ठरलं आहे: झाडं खाणारा किंवा तळ उकरणारा मासा पाळायचा असेल तर खऱ्या झाडांचा नाद सोडावा. दगड, लाकूड, वाळू, बास. पटत नसेल तर बोला.

अळूवडी
नाही पटत. शेळीपुढे मेथी टाकायची आणि वर शेळीलाच नावं ठेवायची? गोल्डफिशला जठर नसतं, म्हणून तो दिवसभर थोडं थोडं चरतच असतो. कॅबोम्बा त्याच्यासाठी कोवळी पालेभाजीच.
अनुबियास लावा. ही अळूच्याच कुळातली. चिंच न घालता अळूचं फदफदं कधी खाल्लंय? घसा खाजतो ना, तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांमुळे. अनुबियासमध्येही तेच असतं, शिवाय पान चामड्यासारखं. मासा एकदा तोंड लावतो आणि सोडून देतो. फक्त तिचं आडवं जाड खोड वाळूत पुरू नका, कुजतं. लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा. जावा फर्नचंही तसंच. वाळूत मूळच नाही तर उकरणार काय?

डोंबिवलीचा_मासेवेडा
अनुबियास महिन्याला जेमतेम एखादं पान काढते. गोल्डफिशची घाण त्या पानावर बसते, वर शेवाळ चढतं, आणि मी टूथब्रश घेऊन पानं घासत बसतो. हे झाड आहे की फर्निचर?

अळूवडी
ट्यूबलाइट किती तास चालू असते ते आधी सांगा. सात तासांवर आणा, झाड सावलीच्या कोपऱ्यात बांधा. अनुबियासला कमी उजेड पुरतो, शेवाळाला पुरत नाही.

वाळूचाळणी
तुम्ही दोघं खाणं आणि उकरणं एकाच पारड्यात तोलताय. माझ्याकडे जिओफॅगस आहेत, दक्षिण अमेरिकेतले. नावाचा अर्थच "माती खाणारा". तोंडभर वाळू घ्यायची, त्यातलं खाणं टिपायचं, उरलेली कल्ल्यांतून सोडायची, असं दिवसभर. पानाला ते ढुंकूनही विचारत नाहीत, पण मुळं उघडी पाडतात. म्हणून बारीक वाळू हवी (टोकदार खड्यांनी त्यांचे कल्ले सोलवटतात) आणि झाड मातीच्या छोट्या कुंडीत, वर लिंबाएवढे गोटे. आधी मीही मासे बदलायला निघालो होतो. नशीब, बदलले नाहीत. त्यांचं ते वाळू चाळणं बघण्यातच माझी संध्याकाळ जाते.

चांदीचा_रुपया
मी धागाकर्त्याच्या बाजूने. माझ्याकडे सहा सिल्व्हर डॉलर, पिरान्हाचे शाकाहारी भाऊबंद. जावा फर्न एका आठवड्यात गेलं, अनुबियासची पानं ओरबाडून टाकली. ऑक्झलेटचं शास्त्र माझ्या माशांनी वाचलेलं नाही. आता मनीप्लांटची मुळं तेवढी पाण्यात, पानं टाकीच्या बाहेर. मुळंही कुरतडतात, म्हणून ती जाळीच्या डब्यात ठेवली आहेत.

अळूवडी
सिल्व्हर डॉलरपुढे माझी शरणागती. पण वाद गोल्डफिशचा होता!

गच्चीवरची_बादली
सगळे झाड वाचवायच्या मागे का लागलात? मी माशांनी खावं म्हणूनच लावते. गच्चीत दोन टब, एकात हायड्रिला, दुसऱ्यात डकवीड. दर रविवारी मूठभर टाकीत. गोल्डफिश गुरुवारपर्यंत साफ करतात. नुसत्या गोळीखाद्यावर असताना माझ्या ओरँडाचं पोट सारखं फुगायचं, ते थांबलं.
एक विनंती, उरलेलं नाल्यात किंवा तळ्यात फेकू नका. पवना-इंद्रायणीतली जलपर्णी बघितलीत ना? मी वाळवून कुंडीत घालते.

डोंबिवलीचा_मासेवेडा
बादलीताई, म्हणजे टाकीत झाडं टिकत नाहीत हे तुम्हीही मान्यच केलंत की! आणि झाडं असली की पाणी बदलायला नको, असं सांगणारे भेटतात, त्यांना तर साष्टांग नमस्कार. झाडं अमोनिया थोडाफार ओढतात, खरं आहे. पण तीन गोल्डफिशची घाण दोन अनुबियास उपसणार? दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलतो आणि बदलत राहणार.

अळूवडी
त्यावर वादच नाही. पाणी बदलाच. अनुबियास लावून तर बघा.

डोंबिवलीचा_मासेवेडा
ठीक. रविवारी कुर्ल्याच्या बाजारात जातोय, एकच आणतो. एकच! रँचूने ओरबाडली तर पैसे तुमच्याकडून.

वाळूचाळणी
दोरा सुती घ्या, काळा. आणि दोन गाठी मारा, रँचू ढुशी देतो.