कैद्याचे लाड की गार्डाचा खोळंबा?

गंगावेसकर
कालची पोस्ट डोक्यातनं जाईना : ‘आमची माणसं सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत आणि कैदी पोलिसांबरोबर थेट आत. लाड बंद करा.’

माझा चुलतभाऊ चौदा महिने कच्चा कैदी होता, पुढं निर्दोष सुटला. शुगरचा पेशंट. पायाला जखम झाली, आतल्या डॉक्टरांनी बाहेर दाखवायची चिठ्ठी त्याच दिवशी दिली. तीन तारखा हुकल्या, कारण पोलीस मुख्यालयातनं गार्डच आला नाही. चौथ्या तारखेला नेला तेव्हा अंगठा काळा पडला होता. कापला. डॉक्टर होता, औषध होतं, अडलं दोन शिपायांवर.

राजारामपुरी_७वी_गल्ली
वाईट झालं. पण माझ्या आईचा खुबा मोडला तेव्हा ती चार तास स्ट्रेचरवर कण्हत होती आणि बेडीतला माणूस आधी एक्स-रेला गेला. तिनं कुणाचं काय चोरलं होतं?

निवृत्त_हवालदार
दादा, त्याला आधी घेतात ते आमच्यासाठी. गर्दीत पळाला तर निलंबन आमचं! जोतिबाच्या चैत्र यात्रेला, गणपतीला सगळी फोर्स बंदोबस्तात, गार्ड कुठनं द्यायचा? कैदी ॲडमिट झाला की वॉर्डाच्या दारात खुर्चीवर रात्र काढायची. बदली माणूस आला नाही म्हणून मी सलग तीस तास बसलोय, पोरीचं बारसं चुकलं. ते कुणी लिहीत नाही.

राजारामपुरी_७वी_गल्ली
मग भरती करा, त्यात आमच्या आईचा काय दोष?

सिस्टर_कसबा_बावडा
बारसं, स्ट्रेचर सगळं खरं, पण मूळ मुद्दा सुटला. केंद्राची तुरुंगांसाठीची नमुना नियमावली, मॉडेल प्रिझन मॅन्युअल २०१६, म्हणते, ३०० कैद्यांमागं एक डॉक्टर. तो नेमला तरी रुग्ण बाहेर न्यायचा तर गाडी आणि गार्ड दुसऱ्याच्या, म्हणजे पोलिसांच्या हातात. कैद्यांना कसं वागवायचं याचे संयुक्त राष्ट्रांचे मंडेला नियम २०१५ सालचे; उपचाराचा निर्णय डॉक्टरचाच, तुरुंगाच्या अधिकाऱ्यानं तो फिरवायचा नाही असं त्यात स्पष्ट आहे. नॉर्वेनं १९८८ ला, फ्रान्सनं १९९४ ला कैद्यांचे उपचार तुरुंग खात्याकडनं काढून आरोग्य यंत्रणेकडं दिले. आपल्याकडं २०२२ अखेर तुरुंगांत शंभराच्या जागेत १३१ माणसं, चारांतले तीन कच्चे कैदी.

राजारामपुरी_७वी_गल्ली
कच्च्या कैद्याचं मान्य. शिक्षा झालेल्याचं नाही.

गंगावेसकर
कोर्टानं कोंडायची शिक्षा दिली, अंगठा कापायची नाही!

निवृत्त_हवालदार
भांडू नका. आठवड्याला हाडांचा, शुगरचा डॉक्टर आत न्या. एक डॉक्टर आत गेला तर वीस कैदी तपासून होतात. तेच वीस बाहेर काढायचे तर चाळीस शिपाई.

राजारामपुरी_७वी_गल्ली
हे पटलं. तेवढी रांगही मोकळी होईल. पण ते चार तास मी विसरणार नाही.