पास्टर म्हणतात "देवाने दाखवलंय, जाऊ नको". नाही ऐकलं तर आज्ञाभंग होतो का?

नगरची_नर्स
सलाम सगळ्यांना. मी मूळ नगरची, पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये आयसीयूला आहे, सहा वर्षं झाली. मस्कतच्या जॉबसाठी प्रोमेट्रिकची परीक्षा पास झाले, डेटाफ्लो म्हणजे कागदपत्रांची पडताळणी पण झाली, आता ऑफर लेटर आलंय. मी ते प्रिंट काढून गेल्या शुक्रवारी उपास-प्रार्थनेला घेऊन गेले, म्हटलं हात ठेवून प्रार्थना करतील. पास्टरांनी लेटरवर हात ठेवला, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने म्हणाले की प्रभूने दाखवलंय ही वाट तुझ्यासाठी नाही. मी म्हटलं बरं, मी पण घरी प्रार्थना करते. तर रविवारी संदेश कशावर, बायबलातला १ शमुवेल, अध्याय १५! यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, बंडखोरी म्हणजे जादूटोण्यासारखं पाप, आणि सगळा वेळ नजर माझ्याकडे. नाव नाही घेतलं पण आमच्या फेलोशिपमध्ये ४० माणसं, सगळ्यांना कळलं. वडील नाहीत, धाकट्याचं शिक्षण चालूय, घराचा हप्ता माझ्यावर. आई म्हणते देवाच्या माणसाचं ऐकावं, उगाच शाप कशाला. मला खरंच कळत नाहीये, मी देवाचं ऐकत नाहीये की पास्टरांचं? का ते एकच असतं? रात्री झोप नाही, ड्युटीवर दोनदा चार्ट चुकता चुकता राहिला.

मोडकी_पेटी
एकच प्रश्न. तुमच्याकडे संडेस्कूल कोण घेतं?

नगरची_नर्स
मीच 🙈 आणि कॉयरमध्ये पण आहे.

मोडकी_पेटी
झालं मग.

भिंगारकर_मास्तर
मोडकी पेटी, एवढ्यावरून माणसाची नियत काढू नये. पास्टरांना मनापासून तसं वाटलंही असेल.
पण बाळ, ज्या अध्यायाने तुला घाबरवलं तोच पुढे वाच. २२ वं वचन, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, ते सगळ्यांना पाठ असतं, २४ कोणी वाचत नाही. शत्रू अमालेकी लोकांचं काहीच ठेवू नको असं देवाने शमुवेल संदेष्ट्याकडून शौल राजाला सांगितलेलं, त्याने अगाग राजाला जिवंत ठेवलं, चांगली चांगली मेंढरं-गुरं ठेवली आणि वर शमुवेलाला सांगतो मी आज्ञा पाळली. शमुवेल म्हणतो, मग हे मेंढरांचं ओरडणं कुठून येतंय? शेवटी शौल कबूल करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. म्हणजे बघ, त्याचा आज्ञाभंग कसा झाला, तर माणसांचं ऐकून! आपल्या मराठीत "ऐकणं" शब्द दोन्हीकडे चालतो, कानाने ऐकणं आणि सांगितल्याप्रमाणे करणं, "आईचं ऐक" म्हणतो तसं. हिब्रूतला शमा शब्दही तसाच आहे, २२ मध्येही तोच आणि २४ मध्येही तोच. शौल ऐकत नव्हता असं नाही, कोणाचं ऐकत होता हा मुद्दा.
आणि १ राजे १३ वाच. यहूदाचा देवाचा माणूस, देवाने त्याला स्पष्ट सांगितलेलं, बेथेलला जा पण तिथे खाऊ-पिऊ नको, आल्या वाटेने परत जाऊ नको. यराबाम राजाने बोलावलं तरी गेला नाही. पण बेथेलचा म्हातारा संदेष्टा आला, म्हणाला मीही तुझ्यासारखाच संदेष्टा, मला देवदूताने सांगितलंय तुला घरी आणायला. खोटं होतं ते. हा गेला, जेवला, आणि परतीच्या वाटेत सिंहाने मारला. राजाला नाही म्हणू शकला, पण "मला देवाने सांगितलंय" म्हणणाऱ्याला नाही म्हणता आलं नाही. मी शाळेत असताना ही गोष्ट ऐकली तेव्हा मला फक्त त्या प्रेताशेजारी गुपचूप उभ्या राहिलेल्या गाढवाचं आणि सिंहाचं कौतुक वाटायचं, अर्थ पन्नाशीत कळला.

वसईची_सून
आम्ही कॅथलिक त्यामुळे तुमच्याकडचं नक्की सांगता येणार नाही, पण माझी नणंद सिस्टर आहे, म्हणजे नन. तिने आज्ञापालनाचं व्रत घेतलंय, सुपिरियर म्हणजे त्यांच्या प्रमुख म्हणाल्या की आज इथे उद्या तिथे, बॅग भरायची आणि जायचं. पण ते व्रत तिने कितीतरी वर्षं विचार करून स्वतः घेतलंय आणि त्यालाही संस्थेच्या नियमांची चौकट आहे. सुपिरियरला तर तिच्या मनातलं जबरदस्तीने काढून घ्यायची सुद्धा परवानगी नाही, आमच्या चर्चच्या कायद्यात लिहिलंय तसं. तू असं व्रत कधी घेतलंस गं?

देवळाली_कॅम्प
सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून मी उलटं बोलतो, राग मानू नका ताई. पगार चांगला, व्हिसा आला, सगळं जुळून आलं म्हणजे देवाची इच्छा, असं पण नसतं. योना संदेष्ट्याला देवाने निनवेला जा म्हणून सांगितलेलं, तो पळून याफो बंदरात आला तर उलट दिशेला तार्शीशला जाणारं जहाज तयारच उभं, भाडं भरून बसला सुद्धा. मी २०१४ ला कुवेतला गेलो तेव्हा कोणाला विचारलं नाही, तीन वर्षं चर्चचं तोंड नाही बघितलं, दारू लागली, बायकोने कसंबसं परत आणलं. तेव्हा कोणी मला अडवलं असतं तर बरं झालं असतं असं आज वाटतं. पास्टर चुकले असतील पण त्यांना नुसतं उडवून लावू नका.

भिंगारकर_मास्तर
देवळाली, हे बरोबर बोललात. म्हणूनच प्रेषित पौल थेस्सलनीकाकरांना पत्रात दोन्ही सांगतो, संदेश तुच्छ मानू नका आणि सगळ्याची पारख करा. त्याला स्वतःलाच अगब संदेष्ट्याने कमरपट्ट्याने आपले हातपाय बांधून दाखवलं, यरुशलेमात तुझं असं होणार. सगळे रडले, जाऊ नको म्हणाले. तो ऐकून घेऊन गेलाच, आणि कोणी त्याला बंडखोर म्हटलं नाही, प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो म्हणून गप्प बसले.
आपल्या पंडिता रमाबाईंचंही असंच. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तिथल्या सिस्टर्स जीव लावणाऱ्या, पण चर्च सांगेल ते मुकाट मानायचं म्हटल्यावर बाईंनी पत्रात लिहिलं की आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने काढलंय, तसलंच दुसरं मानेवर घ्यायला मी तयार नाही. आणि याच बाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. आज्ञेत न राहणाऱ्या बाईचं काम आहे का ते?

नगरची_नर्स
मास्तर थँक्यू, सगळ्यांनाच. देवळालीदादा तुमचं वाचून रडायला आलं, राग कशाला येईल. मस्कतला मराठी फेलोशिप आहे का ते आधी शोधते, जायच्या आधी तिथल्या कोणाशी तरी बोलते.
काल आईला अख्खा १५ वा अध्याय वाचून दाखवला. २४ ला म्हणाली परत वाच. परत वाचला. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसली आणि म्हणाली, पास्टरांना आपण दोघी जाऊन सांगू, फोनवर नको. संडेस्कूलची वही पण देऊन टाक, ख्रिसमसच्या नाटकात कोणाला मेंढपाळ केलंय ते लिहिलंय ना त्यात.
मेडिकल बुधवारी आहे.