ऑटो एसी: एका बाजूला गार, दुसऱ्या बाजूला कोमट हवा

प्रश्न: गाडीत सिंगल झोन क्लायमेट कंट्रोल (पूर्ण केबिनला एकच तापमान ठेवणारा ऑटो एसी) आहे. २४ ला ठेवलं की उजव्या व्हेंटमधून गार हवा येते, डावीकडून कोमट. 'लो' केलं तरी तसंच. सरळ गॅस भरून घेऊ का?

गिअरबॉक्स (टोपणनाव): आधी गॅसचं प्रेशर बघा. सिंगल झोनमध्ये गरम-गार हवा मिसळणारी झडप दोन्ही बाजूंना सामाईक असते, त्यामुळे असा फरक बहुतेक वेळा गॅस कमी झाल्याने पडतो. इव्हॅपोरेटरचा (केबिनची हवा गार करणाऱ्या जाळीचा) अर्धाच भाग गार होतो. गॅस आर-१३४ए प्रकारचा असेल तर ३५ अंशांच्या उन्हात लो साइड (कमी दाबाची बाजू) साधारण ३० ते ४५ पीएसआय (दाबाचं एकक), हाय साइड (जास्त दाबाची) २०० ते २५० हवी. दोन्ही कमी असतील तर लीक शोधा. नुसता 'टॉप-अप' म्हणजे पैसे पाण्यात. नायट्रोजन टेस्ट (नायट्रोजन भरून गळती तपासणं), मग अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा ओढून काढणं) आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस.

कूलंट (हेही टोपणनाव): ड्युअल झोन (दोन्ही बाजूंचं तापमान वेगळं ठेवणारा) असता तर ॲक्च्युएटरवर, म्हणजे झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरवर, संशय घेतला असता. त्याच्या प्लास्टिक गिअरचे दात तुटले की डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते.

गिअरबॉक्स: बरोबर. आणि डॅशबोर्डवरच्या सनलोड सेन्सरवर (ऊन मोजणाऱ्या सेन्सरवर) मूर्ती, फोन ठेवू नका. ऊन कळलंच नाही तर ऑटो एसी ब्लोअर (पंखा) मंदच ठेवतो, आणि लोक कंप्रेसरला शिव्या घालतात!