टीकॅस आहे म्हणून आकाशात किती गर्दी करायची?

सह्यकडा:
१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळले आणि दोन्ही विमानांतील सर्व ३४९ जण दगावले. सौदियाच्या विमानाला १४,००० फुटांवर आणि उतरू लागलेल्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबण्याची सूचना होती; कझाक विमान थांबले नाही. एवढे सांगून आपण सारा दोष परक्या वैमानिकांच्या माथी मारतो. दिल्लीहून निघणारी आणि दिल्लीकडे येणारी विमाने मुळात एकाच अरुंद मार्गाने का जात होती, हा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. आजूबाजूचे बरेचसे आकाश हवाई दलाकडे होते. नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. वैमानिक रेडिओवरून सांगेल तीच उंची खरी मानायची.

त्यानंतर येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, उंची दाखवणारे रडार आले आणि विमानातच बसवलेले, धडक टाळणारे टीकॅस हे यंत्र सक्तीचे झाले. लोकांच्या लक्षात मात्र यंत्रच राहिले. मुंबईत एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या, शेजारी जुहूची हेलिकॉप्टरे आणि आता विमानाला जेमतेम काही मिनिटांच्या अंतरावर नवी मुंबईचा विमानतळ, अशी दाटी असताना कोणी शंका काढली की ‘टीकॅस आहेच की’ हे उत्तर ठरलेले असते. माझे म्हणणे असे की कोणत्या आकाशात किती विमाने सोडायची हे ठरवताना टीकॅस नाहीच असे धरून हिशेब करावा.

शून्य मैल:
हे मला पटत नाही. आपण चरखी दादरी घेतलीत, मी १ जुलै २००२ ची रात्र घेतो. जर्मनीतील उबरलिंगेनवर ३६,००० फुटांवर रशियाचे तुपोलेव्ह आणि मालवाहू बोइंग ७५७ एकमेकांची वाट छेदणार होते. यंत्राने तुपोलेव्हला वर जायला आणि बोइंगला खाली जायला सांगितले. त्याच सुमारास झुरिकच्या नियंत्रकाने तुपोलेव्हला खाली उतरण्यास सांगितले. बोइंगने यंत्राचे ऐकले, तुपोलेव्हने माणसाचे ऐकले, दोन्ही विमाने खाली आली आणि ७१ जणांचा अंत झाला, ज्यांत सुट्टीला निघालेली ४५ मुले होती. दोघांनी यंत्राचे ऐकले असते तर ती रात्र कोणाच्या लक्षातही राहिली नसती. यंत्राचा आदेश आणि नियंत्रकाची सूचना यांत विरोध आला तर यंत्राचेच ऐकायचे, हे त्यानंतर जगभर निःसंदिग्धपणे ठरले.

शिवाय गर्दी सामावते तीही यंत्रांमुळेच. २९,००० फुटांच्या वर पूर्वी दोन विमानांत २,००० फूट अंतर ठेवावे लागे. भारतात ते नोव्हेंबर २००३ मध्ये १,००० फुटांवर आले आणि उड्डाणासाठी मधले सहा नवे उंचीचे स्तर मोकळे झाले, ते उंची मोजणारी उपकरणे अचूक झाली म्हणून. यंत्र नाहीच असे धरून हिशेब करायचा, तर हे स्तरही बंद करणार काय?

ओटीवरून:
एक भाबडा प्रश्न विचारतो. हे यंत्र ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ एवढेच का सांगते? रस्त्यावर आपण डावीकडे तरी वळतो.

जुना टॉवर:
प्रश्न भाबडा नाही. टीकॅस समोरच्या विमानाच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे रेडिओने विचारल्यावर आपोआप उत्तर देणाऱ्या उपकरणाला, विचारते, उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढते आणि उंची त्या उत्तरातच मिळते. दिशा मात्र विमानावरच्या लहानशा अँटेनावरून ठोकळमानाने कळते आणि तेवढ्या भरवशावर कोणाला वळायला सांगता येत नाही. समोरच्याचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर टीकॅसच्या लेखी ते विमान आकाशात नसतेच.

मी अनेक वर्षे नियंत्रक म्हणून पडद्यासमोर बसलो आहे. वैमानिक ‘टीकॅस आरए’ (यंत्राने वर किंवा खाली जाण्याचा आदेश दिला आहे) म्हणाला की त्या विमानाला सूचना देणे बंद करायचे आणि ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) ऐकू येईपर्यंत वाट पाहायची, असा नियम आहे. ती अर्धी-पाऊण मिनिटे फार लांब वाटतात, कारण दोघांपैकी एक विमान आपला स्तर सोडून तिसऱ्याच्या स्तराकडे निघालेले असू शकते. यंत्र नेहमी गरजेपुरतेच बोलते असेही नाही. एखादे विमान वेगाने चढत दुसऱ्याच्या हजार फूट खाली थांबणार असते, सर्व काही नियमानुसार चाललेले असते, पण ते थांबणार आहे हे यंत्राला ठाऊक नसल्याने ते ओरडते. म्हणून शेवटच्या हजार फुटांत चढण्याचा वेग मिनिटाला १,५०० फुटांच्या आत आणण्याची शिफारस आहे.

जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या आत तर ते वर-खालीचे आदेशच देत नाही, कारण तिथे ‘खाली जा’ म्हणणे म्हणजे जमिनीवर आदळवणे. २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर नदीवर धडकले आणि ६७ जण गेले. प्रवासी विमानाच्या वैमानिकांना ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ हा जवळच्या विमानाचा इशारा तेवढा ऐकू आला, आदेश आला नाही. हेलिकॉप्टरचा मार्ग धावपट्टीकडे येणाऱ्या वाटेच्या खालूनच आखलेला होता. जुहूचा विचार करताना मला हीच घटना आठवते.

सह्यकडा:
शून्य मैल, स्तर बंद करा असे मी म्हटलेले नाही. उंची अचूक मोजणे हा नियोजनाचा पाया आहे, तर टीकॅस ही नियोजन फसल्यानंतरची सोय आहे. माझा आक्षेप या दोहोंची गल्लत करण्याला आहे. उबरलिंगेनमध्ये त्या रात्री एकच नियंत्रक दोन पडदे सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता आणि मुख्य फोन दुरुस्तीसाठी बंद होता. शेजारच्या जर्मन केंद्राला धोका दिसत होता, पण झुरिकला फोन लागेना.

शून्य मैल:
रात्रपाळीला दुसरा माणूस हवा आणि फोनची दुसरी वाट चालू हवी, यावर आपले भांडण नाही. पण ती दोन्ही असतानाही माणूस चुकतो. तुपोलेव्हला समोरचे विमान उजवीकडे आहे असे सांगितले गेले, प्रत्यक्षात ते डावीकडून येत होते. ती चूक झाल्यावर हाताशी उरले होते ते यंत्रच, म्हणून हिशेबातून ते वगळायला माझी अजूनही तयारी नाही.