मदत हवी आहे: आरेपा करायचेत, पण पिठाचं काय करू?

मंडळी, व्हेनेझुएलाचे आरेपा कुणी घरी केलेत का? मक्याच्या पिठाचे जाडसर गोल भाजायचे, मधे चिरायचे आणि आत सारण भरायचं.

माझं घोडं पिठावर अडलंय. तिकडे १९६० पासून 'हारिना पान' हे आधीच शिजवून वाळवलेलं पीठ मिळतं. पाणी-मीठ घातलं की गोळा तयार. आपल्या गिरणीतलं पीठ कच्चं. उकड काढली तरी थापताना कडा फुटतात आणि चिरायला गेलं की नुसता भुगा. मैदा मिसळायचा नाहीये, घरात एकाला गहू चालत नाही.

पूर्वी तिकडे मका कांडून साल काढत, शिजवून मग वाटत. तेच करावं म्हणते. साल काढलेला सुका पांढरा मका पुण्यात कुठे मिळेल? शिजल्यावर मिक्सरला पाण्याशिवाय वाटला जाईल, की पुरणयंत्रच बरं? मेक्सिकन तोर्तियाचं पीठ कृपया सुचवू नका. त्याचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, चव वेगळी लागते.

बिडाचा तवा आहे. दोन्हीकडून खरपूस झाल्यावर ओव्हनमध्ये ठेवू की झाकण घालून मंद आचेवर? टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा, तो काही येत नाही.

सारण मात्र पक्कं: चिकन, अव्होकाडो, मेयोनीजचं 'रेइना पेपियादा', १९५५ ची मिस वर्ल्ड सुसाना दुइम हिच्या सन्मानार्थ केलेलं. शाकाहारी मंडळींना काळा घेवडा आणि किसलेलं पांढरं चीज, त्याला तिकडे 'डोमिनो' म्हणतात. रविवारी पाहुणे येणार आहेत, जरा लवकर सांगा!