मदत हवी आहे: डॅशहंडची खाज, चिकन बंद, आता काय देऊ?

आमची डॅशहंड जातीची कुत्री, वय 4, वजन 8 किलो. कानामागे आणि काखेत सारखी खाज. पाय इतके आखूड की मागचा पाय नुसता हवेत फिरतो, खाजतं तिथवर पोचतच नाही. मग बिचारी सोफ्याला अंग घासत बसते. बघून हसू येतं, पण कातडी लाल झालीय.

बारीक फणीने पाहिलं, पिसवा-गोचीड नाहीत, त्यांची गोळीही चालू आहे. त्वचेच्या तपासणीत खरजेचे किडे सापडले नाहीत. डॉक्टरांना खाण्याची अ‍ॅलर्जी वाटते: 8 आठवडे फक्त आजवर न खाल्लेलं प्रथिन द्यायचं. चिकन, मटण, अंडी, पनीर सगळं खाऊन झालंय. मासे कधीच नाहीत. वजन वाढून चालणार नाही, या जातीची पाठ नाजूक असते.

पुण्यात नेहमी मिळणारा, कमी काट्यांचा कोणता मासा तुम्ही कुत्र्याला उकडून दिलाय? आणि सोबत भात की रताळं?