मदत हवी आहे : सिरोसिसमधला 'विसरभोळेपणा' वेळेत कसा ओळखता?

बाबांना लिव्हर सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) आहे. गेल्या महिन्यात ते दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लागले. आम्ही म्हटलं, वयाचं असेल. मग एका सकाळी शर्टाची बटणं लावताना चक्क अडकले. हात पुढे धरायला सांगितला तर पंजा फडफडत खाली पडत होता. निदान: हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी, म्हणजे लिव्हर नीट काम करत नसल्याने मेंदूवर होणारा परिणाम.

आता लॅक्ट्युलोज (पोट साफ करणारं औषध) चालू आहे, दिवसाला दोन-तीन वेळा पोट साफ होईल इतकं. सोबत रिफॅक्सिमिन (आतड्यात काम करणारं अँटिबायोटिक) ५५० मिग्रॅ दोनदा. २०१० साली प्रसिद्ध झालेला २९९ रुग्णांचा अभ्यास वाचला: सहा महिन्यांत पुन्हा असा एन्सेफॅलोपॅथीचा झटका येण्याचं प्रमाण रिफॅक्सिमिन गटात सुमारे २२ टक्के, प्लासिबो (औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी) गटात ४६. त्यातले बहुतेक जण लॅक्ट्युलोजही घेत होते, त्यामुळे ही जोडी पटली.

माझी अडचण वेगळीच आहे. पुढचा झटका येण्याआधी घरी कसं कळावं? एका मिनिटात प्राण्यांची नावं सांगायची एक सोपी चाचणी असते. मी घेतली, बाबा बारावर थांबले आणि "शाळेत बसवलंस की काय?" म्हणून चिडले. रोज घेतली तर नावं पाठ होणार, हेही आहेच.

तुमच्यापैकी कोणी अशी नोंद ठेवतं का? झोप, सही, अक्षर, नेमकं काय बघता? आणि शौचाला चार-पाच वेळा व्हायला लागलं की डॉक्टर डोस कसा बदलायला सांगतात?